दगडांमागे फिरणारे मास्तर आणि घरातला रविवार

प्रिय ताई,

आम्ही जिंतूर तालुक्यातले. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत. व्यसन नाही, कुणाशी वाकडं नाही. पण रविवार उजाडला की गाडीला किक मारून निघतात, जुने दगड बघायला. वीरगळ (लढून मेलेल्यांच्या आठवणीचे दगड), बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी), पडकी देवळं, कुठं काही कोरलेलं असलं की झालं. दिवेलागणीला येतात ते पँटीला कुसळं आणि मोबाईलमध्ये शे-दोनशे फोटो घेऊन. माझ्या चुलतभावाच्या लग्नात ऐन अक्षता पडताना हे मारुतीच्या देवळामागं दगडाचं माप घेत होते. बाकीचे गुरुजी प्लॉटिंग करतात, एलआयसीचं बघतात. आमच्या ह्यांना गल्लीत ‘दगडू सर’ नाव पडलंय. मागच्या महिन्यात एका गावात लोकांनी गुप्तधनवाले समजून घेरलं. ओळखीचे केंद्रप्रमुख भेटले म्हणून सुटले. आता तर कहर झाला. एक फुटका दगड घरीच आणून न्हाणीपाशी ठेवलाय. त्याच्यावर बांगड्या घातलेला हात आहे. सासूबाई म्हणतात, “मसणवट्यातलं घरात आणलंय, येड लागलंय का ह्याला?” त्या न्हाणीत पाय ठेवीनात. रविवारी आठवडी बाजार, दळण, पोरांचा अभ्यास, आल्यागेल्याचं सगळं माझ्यावर. ह्यात पैसा नाही, नाव नाही. हे खूळ सुटावं कसं? आणि पाचवीतली पोरगी आता “मी पण पप्पासंग जाते” म्हणून मागं लागलीय. तिला पाठवू का? तुमचं सदर हे पण वाचतात, कबूल करत नाहीत एवढंच.

— एक वाचक, जिंतूर तालुका

नमस्कार.

खुळाचं नंतर बघू. आधी न्हाणीपाशी ठेवलेला तो दगड घराबाहेर गेला पाहिजे, आणि त्यासाठी पुढच्या रविवारची वाट बघू नका.

तुमच्या वर्णनावरून ती सतीशिळा दिसते. कोपरात वाकलेला, पंजा वर केलेला हात आणि मनगटात चुडा, ही तिची खूण. वर बहुतेक वेळा चंद्र-सूर्य कोरलेले असतात, ते आहेत तोवर आठवण राहावी म्हणून. नवऱ्याच्या चितेवर गेलेली कुणाची तरी लेक आहे ती. सासूबाई बिथरल्या म्हणून त्यांना अडाणी ठरवू नका. भूतबीत सोडून द्या, पण कुणाच्या मरणाची आठवण म्हणून उभा केलेला दगड आपल्या सांडपाण्याच्या मोरीशी आणून ठेवणं त्यांना खटकलं, यात चूक काय?

दुसरी गोष्ट कायद्याची. शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू १९७२च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात ‘पुरावशेष’ धरली जाते, आणि दगडी शिल्प बाळगायचं तर त्याची नोंदणी लागते. जमिनीतून काही निघालं तर आणखी जुना, १८७८चा निखात निधी कायदा आहे: दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. तुमच्या मिस्टरांनी चोरी केली असं कुणी म्हणत नाही. उघड्यावर पडलाय, उद्या कुणी पायरीला लावेल, त्यापेक्षा आपल्याकडे सुखरूप राहील, असाच विचार त्यांनी केला असणार. पण ते जिल्हा परिषदेचे कर्मचारी आहेत, आणि गल्लीनं ज्याला नाव ठेवलंय त्याच्या न्हाणीत काय आहे हे गल्लीला ठाऊक असतंच. एक अर्ज गेला की खुलासे देता देता वर्ष जाईल.

तेव्हा दगड जिथून आणला तिथंच परत न्यायचा. दिवसाढवळ्या, त्या गावच्या सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना आणि पोलीस पाटलांना सोबत घेऊन. चार ओळींचं पत्र लिहा: अमुक तारखेला अमुक ठिकाणी उघड्यावर दिसला, जपण्याच्या हेतूनं नेला, आज जागेवर ठेवला. खाली सह्या, सोबत फोटो, एक प्रत तहसील कार्यालयात. मूळ जागी रस्त्याचं काम चालू असेल किंवा शेत सपाट होत असेल, तर गावानंच तो मंदिराच्या आवारात किंवा ग्रामपंचायतीपुढं उभा करावा, तसं त्या पत्रात लिहून. लाजेपोटी रात्री गुपचूप नेऊन टाकायचा विचार मात्र डोक्यात आणू नका. रात्री डिकीत कोरीव दगड सापडलेल्या माणसाला केंद्रप्रमुखसुद्धा सोडवू शकत नाहीत.

आणि गुरुजी, तुम्ही वाचताय म्हणून तुम्हाला सांगते. तो दगड कोणत्या शिवेवर होता, कोणत्या दिशेला तोंड करून होता, शेजारी काय होतं, यावरूनच त्याच्याबद्दल काही कळू शकतं. तो उचलून आणताना तुम्ही नेमकं तेच तिथं ठेवून आलात.

आता गुप्तधनाचं. मला पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच वाटली, आणि तुम्ही ती एका वाक्यात उरकलीत. आपल्याकडं पडक्या देवळात, पिंडीखाली, नंदीखाली, गढीच्या बुरुजाशी खड्डे पडलेले सगळ्यांनी पाहिलेत. रात्रीतून कुणीतरी येतं, लिंबू-हळद-कुंकू टाकून खणतं आणि निघून जातं. गुप्तधनापायी अघोरी प्रकार करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलंय, तो उगीच नाही. त्यामुळे अनोळखी माणूस टेप घेऊन पडक्या देवळामागं वाकलेला दिसला तर गावानं जाब विचारणं साहजिक आहे. गाव जागं आहे म्हणायचं. जपायचं ते आपणच.

अमावास्येला घरीच बसावं. गावात शिरल्यावर आधी पारावर जावं, चहा घ्यावा, शाळेचं ओळखपत्र दाखवावं आणि गावातलाच एक म्हातारा माणूस सोबत घ्यावा. जुन्या दगडांना गावात काय म्हणतात हे त्यालाच माहीत असतं, आणि तो सोबत असला की कुणी काही विचारत नाही. दगड शेतात असेल तर मालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नये. पिशवीत वही, टेप, पाणी एवढंच असावं. कुदळ, टिकाव तर नकोच, गवत काढायला खुरपंसुद्धा नको. नारळ-अगरबत्ती भक्तिभावानं न्यायची असली तरी नको. अंधार पडायच्या आत गाडी डांबरी सडकेला लागली पाहिजे.

इतकं झाल्यावर तुमच्या मूळ प्रश्नाकडं येते. हे खूळ सोडवायच्या भानगडीत पडू नका. ते सुटणार नाही आणि सुटलं तर घरात बसून राहिलेला माणूस तुम्हाला आवडेलच असं नाही.

या सदराला पत्रं येतात त्यात छंदांची पत्रं सगळ्यात मजेशीर असतात आणि बहुतेक वेळा ती छंद करणाऱ्याची नसतात, घरच्यांची असतात. एका सुनेनं लिहिलं होतं की सासरे रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहितात, पाहुणे दारात उभे असले तरी. मला आजोबांचं कौतुक वाटलं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही सकाळी साडेआठलाच संपतो आणि अडीच मिलिमीटर तरी पडला तरच तो पावसाळी दिवस धरतात. एकजण एसटीची जुनी तिकिटं जमवतो. कंडक्टर पंच मारून द्यायचे ती रंगीत कागदाची, कारण मशीनच्या तिकिटावरची शाई वर्षभरात उडून जाते. आमच्या मराठवाड्यात खडीच्या खाणींवर फिरून बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या दगडाच्या, पोकळीतले झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक शोधणारे आहेत. लग्नपत्रिका जमवणाऱ्या एका मावशी आहेत, त्यांच्याकडं कुणाचं लग्न कधी झालं हे ठरवायला भाऊबंदकीतले लोक जातात.

जग तर याच्या पुढं गेलंय. जपानात गटारांची झाकणं बघत फिरणारे लोक आहेत. तिथं गावोगावच्या झाकणांवर त्या त्या गावाचं फूल, किल्ला, मासा असं काहीबाही ओतलेलं असतं. २०१६पासून त्या झाकणांची कार्डं निघतात, फुकट, पण ठरलेल्या ठिकाणी स्वतः गेल्याशिवाय हातात पडत नाहीत. माणसं रेल्वेनं शहरं पालथी घालतात त्या कार्डांपायी. ब्रिटनमध्ये २००५ साली ढगांच्या चाहत्यांची संस्था निघाली. नुसतं आभाळाकडं बघणारी माणसं. त्यांनी खवळल्या समुद्रासारख्या दिसणाऱ्या एका ढगाला वेगळं नाव हवं म्हणून लावून धरलं, आणि २०१७मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या ढगांच्या अधिकृत नोंदीत तो घेतला गेला. त्यांच्याही घरी कुणीतरी म्हणालंच असेल, ढग बघून काय पोट भरतं का.

तुमचे मिस्टर बघतात ते तर आपल्याच मातीतलं आहे. अकराव्या ते तेराव्या शतकात चालुक्य आणि यादवांच्या काळात इथं देवळं, बारवा उभ्या राहिल्या. होट्टल, धर्मापुरी, निलंगा, औंढा, अन्वा, अंबाजोगाई, आणि तुमच्या तालुक्यातलं चारठाणा. देवळं निदान लोकांच्या नजरेत आहेत. वीरगळ मात्र वेशीवर, विहिरीच्या थारोळ्यात, कधी कपडे धुवायच्या जागी पालथे पडलेले असतात. शेंदूर फासून त्यांचा म्हसोबा झालेला असतो, नाहीतर धार लावून लावून अंगावर खाचा पडलेल्या असतात.

एकदा चहा पिताना ह्यांना एक फोटो मोठा करून दाखवायला सांगा, आणि तो खालून वर बघा. तळाच्या चौकटीत मारामारी असते: ढाल-तलवार, कधी घोडा, आणि बऱ्याचदा एका कडेला गायी. दुसऱ्या गावची टोळी गुरं वळवून नेतेय आणि हा माणूस आडवा गेलाय. त्याच्या पायाशी एखादा पडलेला असतो, तो बहुधा हाच. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला, शेजारी पुजारी, माथ्यावर कळस. बहुतेक दगडांवर अक्षर नसतं. गावच्या गुरांसाठी मेलेला माणूस, आणि त्याचं नाव गावाला माहीत नाही. तुमचे मिस्टर लग्नातून उठून गेले ते वाईटच केलं, पण ते कशाकडं गेले हे एकदा बघितलंत तर तुमचा राग थोडा तरी नेमका होईल.

तेरचं उदाहरण मी जरा बिचकतच देते, कारण ते देऊन बायकांना गप्प बसवायची पद्धत आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे सातवाहनकाळातली मोठी पेठ, ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर. तिथल्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, पाऊस झाला की मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी वर यायची. गावातल्या लामतुरे घराण्यानं हौसेनं ती गोळा केली, आणि त्या साठ्यातून सरकारी संग्रहालय उभं राहिलं. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावानंच ते आहे. तिथली हस्तिदंती बाहुली बघायला लोक लांबून येतात, कारण तसलीच एक इटलीतल्या पाँपेईच्या राखेत सापडली. पैठणलाही बाळासाहेब पाटलांच्या संग्रहातून असंच संग्रहालय झालं. पण म्हणून तुमच्या मिस्टरांच्या नावाची पाटी कुठं लागेल असं मी म्हणत नाही. बहुधा लागणार नाही. त्यांनी वस्तू गोळा करूच नयेत. त्या दोघांचे दिवस वेगळे होते. फोटो आणि नोंदी हाच मिस्टरांचा संग्रह राहू द्या.

आता तुमच्याबद्दल. सगळ्या पत्रात तुमची खरी तक्रार एकाच ओळीत आहे, बाजार-दळणाच्या. दगडांवर तुमचा राग नाहीये फारसा. ते जर रविवारी प्लॉट दाखवायला गेले असते आणि असेच दिवेलागणीला आले असते, तर कमिशन आलं म्हणून तुम्ही गप्प बसला असतात का? बसला असतात बहुतेक, आणि दळण तेव्हाही तुम्हीच आणलं असतं. तेव्हा ‘ह्यात पैसा नाही’ हा मुद्दा वादात काढू नका. त्यानं ते लगेच ‘मी दारू पितो का, पत्ते खेळतो का’ यावर येतील आणि बोलणं तिथंच संपेल. निर्व्यसनी असणं म्हणजे घरकामातून सुट्टी नव्हे, हे त्यांना मी इथूनच सांगते.

बोलायचं ते वाराचं. महिन्यातले दोन रविवार त्यांचे. उरलेल्यातला एक पूर्ण तुमचा, म्हणजे बाजार, दळण, अभ्यास, पाहुणे, सासूबाईंच्या गोळ्या सगळं त्यांच्याकडं, आणि तुम्ही माहेरी जा, झोपा, नाहीतर मैत्रिणीकडं बसा. तुम्ही पण एखादा छंद लावून घ्या असला सल्ला मी देणार नाही. दमलेल्या बाईला आणखी एक काम कशाला? बाकीचा रविवार घरचा. पेट्रोलला महिन्याची रक्कम ठरवा, ती किराणाच्या वहीतच लिहा, ती संपली की गाडी उभी. लग्नकार्यात अक्षता पडून पंगत उठेपर्यंत मांडव सोडायचा नाही. हे सासूबाईंसमोर ठरवा. त्या तुमच्या बाजूनं असतील, निदान या वेळी तरी.

त्यांच्यासोबत हिंडा असंही म्हणत नाही. काट्याकुट्यात उभं राहून नवरा दगडाचा फोटो काढतोय हे बघण्यात काय मजा? एकदा मात्र सगळ्यांनी वालूरला जा, सेलू तालुक्यात, तुम्हाला फार लांब नाही. तिथली चक्राकार बारव बघण्यासारखी आहे. पायऱ्या सरळ उतरत नाहीत, गोल फिरत फिरत पाण्यापर्यंत जातात. वरून बघितलं तर दगडी भोवराच. गाळानं बुजलेली होती ती, गावकऱ्यांनी उपसून मोकळी केली. अलीकडं महाशिवरात्रीला बारवांमध्ये पणत्या लावतात, तेव्हा गेलात तर सासूबाईही येतील, आणि लेकाचे दगड त्यांना देवाच्या बाजूचे वाटायला लागतील. मसणवट्यापेक्षा ते बरं.

गुरुजी, तुमच्यासाठी अजून थोडं. चार हजार फोटो मोबाईलमध्ये असणं म्हणजे नोंद नव्हे. मोबाईल विहिरीत पडला की संपलं. प्रत्येक दगडाला वहीत एक पान द्या. गाव, जागा, कशाजवळ, तोंड कुठल्या दिशेला, उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये, किती चौकटी, गावात त्याला काय म्हणतात, कोणी सांगितलं. फोटोत मापाची पट्टी ठेवा. अक्षर पुसट असेल तर त्यावर खडू, पीठ, चुना चोळू नका, तेल-पाणीही नको. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा जा, नाहीतर सावलीत एका बाजूनं बॅटरीचा झोत आडवा मारा. खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. शेंदराचे थर खरवडू नका, तो लोकांचा देव आहे. संरक्षित स्मारकात कोरीव अक्षरांचे कागदावर ठसे घ्यायचे तर पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. आणि व्हॉट्सअॅपवर सुट्ट्या, उचलता येतील अशा मूर्तींचे फोटो नेमक्या ठिकाणासकट टाकू नका. तुमच्यासारखे हौशी ते बघतात तसे चोरही बघतात. वहीची एक झेरॉक्स विद्यापीठाच्या इतिहास विभागात द्या, एक शाळेत ठेवा.

राहिली मुलगी. पाठवा. बापाबरोबर पाच-सहा तास मोबाईलवर कार्टून न बघता घालवायला पोरगी स्वतःहून तयार आहे, अशी संधी रोज येत नाही. बूट, पूर्ण बाह्यांचा ड्रेस, टोपी, पाण्याची बाटली आणि डबा. पावसाळ्यात पडक्या देवळात साप असतात, तेव्हा दिवाळीनंतरच सुरुवात करा. बारवेच्या कमानींत आग्यामोहोळ मात्र तेव्हाही असू शकतं. पाणी असलेल्या बारवेत तिनं वरच्या टप्प्याखाली उतरायचं नाही, पप्पा उतरले तरी. टेपचं दुसरं टोक तिच्या हातात द्या आणि वहीत आकडे तिलाच लिहू द्या. पाचवीला मापनाचा धडा आहेच.